जप पूर्ण होतो, पण मन तिथे नसते: रोजच्या कामात भान कसे ठेवावे?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)
माझे वय ५४ असून घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांचे अंग पुसणे, औषधे, स्वयंपाक आणि दुपारी एका दुकानाचे हिशेब, असा माझा दिवस जातो. अलीकडे हात काम करत असतात आणि मन भलतीकडेच असते. माळ ओढताना मेरुमणी बोटाला लागतो तेव्हा कळते की १०८ मण्यांचा सगळा वेळ मी बँकेतल्या कामाचाच विचार करत होते. मागच्या आठवड्यात सासूबाईंना भरवताना मी नुसते "हो, हो" म्हणत राहिले, तेव्हा "तुझं लक्ष कुठंय गं?" असे त्यांनी विचारले आणि मला फार वाईट वाटले. रोज १० मिनिटे डोळे मिटून बसून पाहिले, पण मन दोन श्वासांपलीकडे टिकत नाही. वेगळा वेळ न काढता हा अभ्यास करता येतो का?

प्रतिसाद १
ताई, मी गोयंका गुरुजींच्या परंपरेतील १० दिवसांचे विपश्यना ध्यानाचे शिबिर केले आहे. त्यात पहिले तीन दिवस केवळ आनापान, म्हणजे नाकपुडीपाशी येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास पाहणे, एवढेच असते. पहिल्या दिवशी माझीही अवस्था तुमच्यासारखीच होती. मन निसटले हे ज्या क्षणी कळते तो क्षणच अभ्यासाचा असतो, आणि तेव्हा स्वतःवर न चिडता परत यायचे असते, हे समजायला मला बरेच दिवस लागले. पाली भाषेतील 'सति' हा शब्द संस्कृत 'स्मृति'चेच रूप आहे. आपण आत्ता काय करत आहोत याची आठवण होणे, असा त्याचा साधा अर्थ घेता येतो. मराठीतही आपण 'भानावर येणे' असेच म्हणतो. चालणे, वळणे, वस्त्र नेसणे, खाणे-पिणे, बोलणे आणि गप्प राहणे या सगळ्या क्रिया जाणीवपूर्वक कराव्यात असे सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे भान ठेवण्याविषयीच्या बुद्धांच्या उपदेशात, स्पष्ट सांगितले आहे, त्यामुळे तुमच्या कामांबाहेर वेगळी जागा शोधण्याची गरज नाही.

प्रतिसाद २
आपल्याच शहरात जानेवारी १९०८ मध्ये, सुरतच्या काँग्रेस अधिवेशनानंतर, श्री अरविंद हे योगी विष्णु भास्कर लेले यांच्यासह एका खोलीत तीन दिवस बसले होते. विचार बाहेरून मनात शिरताना दिसतात, ते आत येण्याआधीच परतवावेत, अशी लेल्यांची सूचना होती आणि त्यातून श्री अरविंदांचे मन निःशब्द झाले. हा प्रसंग मला अतिशय प्रिय आहे, परंतु संसारातील माणसाने स्वतःला त्याने मोजू नये. मी एवढेच करते की खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन परतताना मोबाईल पिशवीत ठेवते आणि तळपायांना रस्ता कसा लागतो ते पाहते. दहा वेळा विसरते, अकराव्यांदा आठवते.

प्रतिसाद ३
एक सावधगिरी सांगावीशी वाटते. मला धडधडीचा त्रास आहे आणि श्वासाकडे लक्ष दिले की तो वाढत असे. तेव्हा श्वासाऐवजी हाताचा स्पर्श किंवा पंख्याचा आवाज निवडला आणि फरक पडला. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे सुरू केलेल्या, भान ठेवायला शिकवणाऱ्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमातही एक मनुका सावकाश हाताळून, हुंगून, चावून खाण्याचा पाठ आहे, म्हणजे सुरुवात श्वासापासूनच व्हावी असे नाही. मात्र ताई, तुमची झोप पुरी होते का? रुग्णसेवेत रात्री उठावे लागत असेल, तर लक्ष उडण्याचे कारण थकवाही असू शकतो, आणि त्यावर विश्रांती हाच उपाय आहे. विसरणे वाढत गेले तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

प्रश्नकर्ती (बारा दिवसांनी)
सर्वांचे मनापासून आभार. मी एकच काम निवडले: सासूबाईंचे अंग पुसणे. पाण्याची ऊब, पिळलेल्या पंच्याचे वजन आणि त्यांची त्वचा, एवढ्यावरच लक्ष ठेवते. चौथ्या दिवशी त्यांच्या डाव्या टाचेवर लालसर डाग दिसला. डॉक्टरांनी ती दाबव्रणाची (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात असल्याचे सांगितले, म्हणून आता दर दोन तासांनी कूस बदलतो आणि टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी ठेवतो. तो डाग कदाचित आधीच्या दिवशीही असेल, हा विचार अजून मनातून जात नाही. झोपेचे आपण बरोबर ओळखलेत. आठवड्यातून दोन रात्री आता नणंद येऊन राहते. जपात मात्र अजून वीस-बावीस मण्यांनंतर मन निघून जाते, तेव्हा मी पुढचा मणी ओढण्याआधी थांबते.