घरगुती १×१२ गिटार कॅबिनेट: एमडीएफ चालेल का? पाठ उघडी की बंद?

तारछेड:
१५ वॅटच्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अँपसाठी एका १२ इंची स्पीकरचं कॅबिनेट करायचं आहे. स्पीकर सेलेस्टियन व्हिंटेज ३०, ८ ओहमचा. अँपला ४, ८ आणि १६ ओहमचे आउटपुट आहेत. बाहेरचं माप ५०० × ४६० × २८० मिमी धरलंय. १८ मिमी एमडीएफ पडून आहे, तेच वापरू की प्लाय आणू? पाठ उघडी ठेवू की बंद? जिगसॉ, ड्रिल आणि क्लॅम्प आहेत, लाकडात खाचा पाडायचं राउटर नाही.

रंधा:
एमडीएफ नको. जड होतं, कडेत स्क्रू धरत नाही, कोपरा आपटला की भुगा पडतो आणि ओल लागली की फुगतं. १८ मिमी बर्च प्लाय घ्या, आत पोकळ्या नसलेलं. चांगलं सुकलेलं पाइनही चालेल.

माप ठीक आहे. वरची-खालची फळी ५०० × २८०, बाजूच्या दोन ४२४ × २८०. राउटर नसेल तर सरळ टोकाला टोक सांधा करा आणि आतून कोपऱ्यात २० × २० मिमीची पट्टी गोंदाने बसवा. क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा. २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गोंद ओला आहे तोवरच चौकट सरळ करा, नंतर पाठ कधीच नीट बसणार नाही.

खरी चूक होते ती बॅफलमध्ये, म्हणजे स्पीकर बसतो त्या पुढच्या फळीत. आतली मोकळी जागा ४६४ × ४२४ मिमी, म्हणून बॅफलही तेवढाच कापला, तर ग्रिलचं कापड गुंडाळल्यावर तो आत जाणार नाही. चारही बाजूंनी ३-३ मिमी सोडा, म्हणजे ४५८ × ४१८. रेक्झिनची घडी आत वळणार असेल तर तिची जाडीही धरा.

स्पीकरचं भोक २८३ मिमी व्यासाचं आणि बोल्टचं वर्तुळ २९७ मिमीचं. म्हणजे भोकाच्या कडेपासून बोल्टच्या मध्यापर्यंत जेमतेम ७ मिमी लाकूड उरतं. म्हणून आधी बोल्टची भोकं पाडा, मग मोठं वर्तुळ कापा. उलट क्रमाने केलं तर ड्रिल कडेला घसरतं आणि प्लायचे पापुद्रे निघतात. जिगसॉने रेषेच्या १ मिमी आतून कापा, उरलेलं पॉलिशपेपरने घासा. स्पीकर मागून लावायचा, त्यामुळे एम५ टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट) बॅफलच्या पुढच्या बाजूने ठोका. २५ मिमीचा बोल्ट पुरतो; लांब घेतला तर टोक कापडाला टोचतं. आवळताना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट पूर्ण कसला तर बास्केट (स्पीकरचा धातूचा सांगाडा) पिळवटते आणि आतली तारेची कॉइल घासू लागते.

मंद्रसप्तक:
पाठीबद्दल. उघड्या पाठीत कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) मागची लाट फिरून पुढे येते आणि खालचे सूर काही प्रमाणात खोडते. आवाज हलका, खोलीभर पसरणारा. बंद पाठीत बेस घट्ट येतो, पण आवाज समोर झोतासारखा जातो. बाजूला उभं राहिलं की वरचे सूर बोथट. माझं मत विचाराल तर पाठ तीन तुकड्यांत करा: वर १४०, मधे १४४, खाली १४० मिमी. मधला तुकडा स्क्रूने काढता-घालता येईल असा. फटीच्या मागे वरच्या-खालच्या तुकड्यांना आतून ४० मिमी रुंद पट्टी लावा, अर्धी बाहेर डोकावणारी, आणि तिच्यावर फोमची टेप. हे केलं नाही तर बंद ठेवल्यावर फटीतून हवा फुसफुसते.

लिटरचं गणित फार करू नका. गिटारच्या स्पीकरचं सस्पेन्शन (कोनला धरून ठेवणारा लवचीक भाग) कडक असतं, हाय-फायच्या वूफरसारखा तो पेटीच्या आकारमानाला अडून बसत नाही.

ओहम:
८ ओहमचा स्पीकर ८ च्याच आउटपुटला. स्पीकर ६० वॅटचा आहे, त्यामुळे अँप पूर्ण चढवला तरी अडचण नाही. आतल्या वायरिंगला १.५ चौरस मिमीची साधी दोन पदरी वायर वापरा, जॅक ६.३५ मिमीचा. अँप ते कॅबिनेट गिटारची शील्डवाली केबल अजिबात लावू नका. तिचा आतला तार बारीक असतो, तो तुटला किंवा तापून गेला तर अँपवर भारच राहत नाही आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. त्याच कारणासाठी स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप चालू करायचा नाही.

पाठ बंद करण्याआधी ९ व्होल्टची बॅटरी जॅकच्या टोकाला + आणि बाहीला − अशी क्षणभर टेकवा. कोन पुढे यायला हवा. एकच स्पीकर असताना उलटं असलं तरी बिघडत नाही, पण उद्या दुसरं कॅबिनेट शेजारी ठेवलं की बेस गायब होईल.

तारछेड:
एमडीएफ बाद. बॅफल गोंदाने कायमचा चिकटवू का?

रंधा:
नको, पट्ट्यांवर स्क्रूने लावा, दर १०० मिमीला एक. कापड फाटलं तर बॅफल बाहेर काढावाच लागतो.

सगळं जोडल्यावर फोनवरच्या टोन जनरेटरने ८० ते ४०० हर्ट्झ हळूहळू फिरवा. खुळखुळलं की तिथेच थांबून हाताने एकेक जागा दाबा: हँडल, जॅकची प्लेट, पाठ, कोपरे. दाबल्यावर आवाज बंद झाला तर तिथला स्क्रू ढिला किंवा खाली फोम नाही. कशानेच बंद झाला नाही तर आतली वायर कोनला लागत असते. ती बॅफलला क्लिपने बांधा.