थायरॉईड आणि पोट, दोन्ही कसं सांभाळता?

प्रश्न: हायपोथायरॉईड (थायरॉईड मंद) आहे, त्याची गोळी चालू आहे, तरी पोट साफ होत नाही. दुपारपर्यंत इतकं फुगतं की कंबरेला कपडा रुततो. वर ॲसिडिटीची गोळी रोजची. टीएसएच (थायरॉईड मंद असला की रक्तात वाढणारं हार्मोन) काही खाली येईना. आणखी कुणाला होतं असं?

उत्तर: ॲसिडिटीच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉक्सिन (तुमची थायरॉईडची गोळी) नीट शोषलं जात नाही. लोह, कॅल्शियम चालू असेल तर थायरॉईडच्या गोळीपासून 4 तासांचं अंतर ठेवा. डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा.

उत्तर: थायरॉईड मंद तर आतडी मंद, खरंय, पण सगळं त्याच्याच माथी मारू नका. माझं सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) निघालं. हाशिमोटोवाल्यांत (ज्यांची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटते) ते जास्त आढळतं. तपासणीआधी गहू सोडू नका हं, रिपोर्ट फसवा येतो.

प्रश्नकर्ती: सीलिॲकचं नाव कुणी काढलंच नव्हतं! परवा डॉक्टरांकडे जातेय, विचारते.