रात्रीचा दवाखाना आणि एक कागद

सचिव: नमस्कार मंडळी. समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा रात्रीचा दवाखाना आता रोज संध्याकाळी ७ ते रात्री ११ उघडा असेल. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीही. तिथे काय होतं, काय होत नाही, यावर गेल्या महिन्यात बराच गोंधळ झाला. बी-२०२ च्या सिस्टर आठवड्यातून तीन दिवस तिथे टेबलावर बसतात. त्यांनाच विचारून घ्या.

बी-२०२ (सिस्टर): विचारा, मी आहे. ताप, घसा, कानदुखी, उलट्या-जुलाब, लघवीला जळजळ, मुरगळलेला पाय, दोन-चार टाक्यांची जखम, भाजलेलं, थोडा वाढलेला दमा. एवढ्यासाठी जरूर या. साखर, लघवीची पट्टी आणि ईसीजी जागेवर होतं. एक्स-रे, सीटी स्कॅन नाही. रात्रभर कोणाला ठेवून घेता येत नाही.

बी-२०२ (सिस्टर): आणि बीपीच्या, थायरॉइडच्या नेहमीच्या गोळ्या लिहून घ्यायला येऊ नका, ही विनंती. तुमचा डोस कोणी, कधी, का बदलला हे रात्रीच्या डॉक्टरांना माहीत नसतं. ते काम तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं.

सी-१०३: सिस्टर, एक तक्रार आहे. परवा मी साडेसातला नंबर लावला. माझ्यानंतर चार जण आले आणि त्यातले दोघे माझ्याआधी आत गेले. मग नंबर कशाला देता?

बी-२०२ (सिस्टर): तुम्हाला तासभर बसावं लागलं, पाठ दुखत असताना. मला आठवतंय, आणि त्याचं वाईटही वाटलं. पण आत गेलेल्या दोघांपैकी एकाला श्वास घेताना एक वाक्य पूर्ण बोलता येत नव्हतं. दुसरं सहा आठवड्यांचं बाळ होतं, ताप आलेलं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर बाकी काहीही लक्षण नसलं तरी थांबायचं नसतं. इतक्या लहान बाळात मोठा संसर्गसुद्धा नुसत्या तापाने आणि कमी दूध पिण्याने सुरू होतो. त्याला आम्ही दहा मिनिटांत पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलं. नंबर आल्याच्या क्रमाने देतो, पण आत घेताना कोणाला जास्त धोका आहे ते आधी बघतो. हे दारावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. उद्या लावते.

सी-१०३: बाळाचं माहीत नव्हतं. ठीक आहे.

ए-५०१ काका: मी जरा मोठं लिहितो, वाचा सगळ्यांनी. दवाखाना नवीन होता तेव्हाची गोष्ट. रात्री साडेआठला हिच्या उजव्या हातातून रिमोट पडला. उचलायला गेली तर बोटं धरेनात. मला वाटलं, दिवसभराचा शीण. म्हटलं पड जरा. थोड्या वेळाने बोलणं जड वाटायला लागलं, तेव्हा धरून समोर दवाखान्यात नेली. जवळ आहे म्हणून. डॉक्टरांनी दारातूनच बघितलं आणि रुग्णवाहिका बोलावली. त्यांनी काही चूक केली नाही. चूक माझी झाली. घरी पाऊण तास आणि तिथे वीस मिनिटं, असा तासाच्या वर वेळ मी घालवला. इंजेक्शन वेळेत मिळालं, पण उजवा हात अजून पूर्ण आलेला नाही. थेट मोठ्या रुग्णालयात जायला हवं होतं हे मला कोणी आधी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं. म्हणून मी सांगतोय.

बी-२०२ (सिस्टर): काका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तोंड एका बाजूला ओघळलं, दोन्ही हात पुढे धरल्यावर एक खाली आला, किंवा बोलणं अडखळलं, ही पक्षाघाताची (स्ट्रोकची) लक्षणं. यातलं एकही दिसलं तर आमच्याकडे यायचं नाही. सरळ रुग्णवाहिका, आणि जिथे सीटी स्कॅन रात्रीही होतो असं रुग्णालय. मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे की रक्तस्राव झालाय हे स्कॅनशिवाय कळत नाही. गाठ असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि जितकं लवकर तितका मेंदू वाचतो. ते तास मोजतात माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. काकांनी "साडेआठ, रिमोट" असं नेमकं सांगितलं म्हणून तिथल्या डॉक्टरांना निर्णय घेता आला. काका, ही गोष्ट तुम्ही बरोबर केलीत.

डी-३०२: हे पण उपयोगी आहे, आत्ताच आलंय 👇 छातीत दुखायला लागलं आणि एकटे असाल तर खोल श्वास घेऊन जोरजोरात खोकत राहा, हृदय चालू राहतं. सर्वांना पाठवा.

बी-२०२ (सिस्टर): हे पुढे पाठवू नका, आणि शक्य असेल तर काढून टाका. रुग्णालयात मॉनिटर लावलेल्या एखाद्या रुग्णाला डॉक्टर समोर उभे राहून क्वचित खोकायला सांगतात. त्यातून हा संदेश कोणीतरी घरगुती उपाय करून टाकला. घरी खोकत बसलेला माणूस फोन करायची वेळ घालवतो. छातीवर दाब, तो दाब हातात किंवा जबड्यात जाणं, घाम, धाप: रुग्णवाहिकेला फोन करा, दाराची कडी काढून ठेवा, बसा. स्वतः गाडी चालवायची नाही. फोनवरच्या माणसाने सांगितलं आणि अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून घ्यायची. आणि हे फक्त छातीच्या दुखण्यासाठी. काकूंसारखं झालं तर अ‍ॅस्पिरिन घरी द्यायची नाही. आत रक्तस्राव असेल तर तो वाढेल.

डी-३०२: काढलं. मला खरंच वाटलं होतं की चांगलं आहे.

बी-२०२ (सिस्टर): म्हणूनच तर पाठवलंत. असं काही आलं की आधी मला पाठवा, मी डॉक्टरांना विचारून सांगेन.

[रात्री १०:३८]

सी-६०४: सिस्टर जाग्या आहात का? बाळ चौदा महिन्यांचं, ताप ३९.२ आलाय. दवाखाना ११ ला बंद होईल ना? आणू का?

बी-२०२ (सिस्टर): आहे. घाबरू नका. ओळखतंय का? पितंय का? शेवटची लघवी कधी झाली?

सी-६०४: रडतंय, पण कडेवर घेतलं की थांबतं. दहा वाजता दूध प्यायलं. लंगोट आत्ताच बदलला, ओला होता.

बी-२०२ (सिस्टर): छान. आता शर्ट वर करा आणि पोट वर-खाली किती वेळा होतं ते मोजा. पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून, बाळ शांत असताना. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका.

ए-२०५: ताई, माझ्याकडे मुलीचं अँटिबायोटिक सिरप उरलंय. पाठवू का वर? दोन दिवसांत उतरतो ताप.

बी-२०२ (सिस्टर): नको. मदतीचा हेतू कळतो, पण लहान मुलांचे बहुतेक ताप विषाणूंचे असतात. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर काहीच करत नाही. शिवाय पाणी घालून उघडलेलं सिरप थोडेच दिवस टिकतं. ते टाकून द्या.

सी-६०४: ३४.

बी-२०२ (सिस्टर): एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे वेगाचा श्वास. दोन महिने ते एक वर्षात ५०, दोन महिन्यांच्या आत ६०. तुमचं ठीक आहे. बरगड्यांखालची जागा आत ओढली जातेय का?

सी-६०४: नाही. मोठ्याची पॅरासिटामॉलची बाटली आहे, ५ मिली देते आता. नेहमी ५ मिलीच देतो.

बी-२०२ (सिस्टर): थांबा! बाटलीवर ५ मिलीत किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचून सांगा. आणि बाळाचं वजन.

सी-६०४: २५० मिलिग्रॅम. वजन गेल्या आठवड्यात १० किलो.

बी-२०२ (सिस्टर): डॉक्टरांना फोन लावलाय. एक मिनिट.

बी-२०२ (सिस्टर): बोलले. वजनाच्या प्रत्येक किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या बाळाला एका वेळी १०० ते १५०. बाळाची नेहमीची बाटली बहुधा ५ मिलीत १२० ची असेल. त्यातलं ५ मिली बरोबर. ही २५० ची आहे. यातलं ५ मिली दिलं असतं तर दुप्पट गेलं असतं. यातलं फक्त अडीच मिली, आणि चमच्याने नाही, सिरिंजने. पण आधी सांगा, आज याआधी दिलंय का?

सी-६०४: आईंनी दिलं होतं म्हणाल्या. आठला. बाळाच्या बाटलीतलं, १२० चं, ५ मिली.

बी-२०२ (सिस्टर): मग आत्ता नाही. दोन डोसांत कमीत कमी चार तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बारानंतर बघा, आणि तेव्हा शांत झोपलं असेल तर उठवूही नका. औषध बाळाला बरं वाटावं म्हणून द्यायचं, ताप मोजपट्टीवर खाली आणायला नाही. कपडे पातळ ठेवा, दूध-पाणी थोडं थोडं देत राहा, थंड पाण्याने पुसू नका, त्याने कुडकुडतं. डॉक्टर म्हणाले, आत्ता आणायची गरज नाही.

सी-६०४: आणि कधी न्यायचं?

बी-२०२ (सिस्टर): आठ तास लघवी झाली नाही, उठवूनही नीट जागं होईना, श्वास ४० किंवा जास्त झाला, सगळंच उलटून पडायला लागलं, किंवा अंगावर असे डाग आले जे काचेच्या ग्लासने दाबल्यावरही फिके होत नाहीत, तर सकाळची वाट बघायची नाही, मोठ्या रुग्णालयात. झटका आला तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेला तर रुग्णवाहिका. नुसता ताप तीन दिवस टिकला तर दवाखान्यात आणा. मी फोन उशाशी ठेवते.

[सकाळी ८:१०]

सी-६०४: बारा चाळीसला अडीच मिली दिलं, मग पाचपर्यंत झोपलं. आत्ता ३७.९. खेळतंय. सिस्टर, काय बोलू.

बी-२०२ (सिस्टर): काही बोलू नका, झोप काढा. तिघी-चौघे बाळ सांभाळतात, त्यामुळे कोणी काय दिलं ते एकमेकांना कळत नाही. बाटलीला दोरी बांधून एक कागद लावा: तारीख, वेळ, किती मिली. काल आईंना आठ वाजलेले आठवले नसते तर?

बी-२०२ (सिस्टर): हे सगळ्यांसाठीच आहे. प्रत्येक घराने एक कागद करून फ्रिजवर लावा. घरातल्या प्रत्येकाची औषधं: बाटलीवरचं किंवा पाकिटावरचं मोठं नाव नाही, त्याखाली बारीक अक्षरात असतं ते औषधाचं खरं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. कशाची अ‍ॅलर्जी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लाल शाईने. मुलांचं वजन. रात्री आमच्याकडे येताना तो कागद उचलून आणा. फाइलचा गठ्ठा नको. "एक पांढरी आणि एक छोटी गुलाबी" यावर डॉक्टर काहीही ठरवू शकत नाहीत.

बी-४०१: आमच्या सासूबाईंचा रिपोर्ट टाकते, बघाल का? 📎

बी-२०२ (सिस्टर): ताई, कृपा करून इथून काढा आणि मला वेगळा पाठवा. इथे साठ घरं आहेत, आणि तो त्यांचा रिपोर्ट आहे. त्यांना विचारलंत का?

बी-४०१: खरं आहे. काढला.

ए-३०३: पण मग दवाखाना आमची माहिती आमच्या डॉक्टरांना पाठवतो, ते कसं चालतं?

बी-२०२ (सिस्टर): तुम्ही हो म्हणालात तरच. टेबलावर मी विचारते आणि तुमची सही घेते. काय झालं होतं, काय दिलं, पुढे काय बघायचं, एवढं एका पानावर जातं. ते गेलं नाही तर दोन दिवसांनी तुमचे डॉक्टर तेच औषध पुन्हा लिहितात. नाही म्हणालात तर ते पान तुमच्या हातात देतो.

[दुपारी ४:२५]

ए-५०१ काका: सिस्टर, कागद करायला बसलो. हिच्या सगळ्या पाकिटांवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. अ‍ॅम्लोडिपिन, म्हणजे बीपीची गोळी, ५ मिलिग्रॅम दोनदा आलंय. दोन वेगळ्या कंपन्यांची पाकिटं, नावं वेगळी. एक रुग्णालयातून घरी सोडताना दिलेली, एक आधीपासूनची. दोन्ही रोज देतोय, तीन महिने. हिच्या घोट्यांना सूज आहे, मला वाटायचं बसून बसून असेल.

बी-२०२ (सिस्टर): काका, त्या गोळीने घोट्यांना सूज येऊ शकते, डोस वाढला की जास्त. स्वतःहून काही बंद करू नका. पण आत्ता लगेच तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि दोन्ही पाकिटं हातात ठेवून वाचून दाखवा. रात्रीचा डोस द्यायच्या आधी. काकूंना चक्कर येतेय का?

ए-५०१ काका: उठताना येते म्हणते. करतो फोन.

[संध्याकाळी ५:०२]

ए-५०१ काका: बोललो. एक बंद करायला सांगितली, उद्या सकाळी बीपी बघायला बोलावलंय. कागदावरून एक ओळ खोडली. खोडताना हिने डाव्या हाताने कागद धरला होता.