अनुभव धागा: गर्भनिरोधक गोळ्या आणि आतड्याचं दुखणं

मागच्या वर्षी मला क्रोन्स निघाला, म्हणजे आतड्याला सूज येत राहणारा जुनाट आजार. सहा महिने जुलाब, वजन ५८ वरून ४९. डॉक्टर दर वेळी विचारायचे काही औषधं चालू आहेत का आणि मी दर वेळी नाही म्हणायचे, पीसीओएससाठी (अंडाशय आणि हार्मोनचा त्रास) चार वर्षं रोज रात्री गर्भनिरोधक गोळी घेत होते पण ती औषधात धरायची हे डोक्यातच आलं नाही. कोलोनोस्कोपीच्या फॉर्मवर नवऱ्याने ते लिहिलं तेव्हा कुठे विषय निघाला. गोळीमुळेच झालं असं कोणी म्हटलं नाही, पण बंद करून बघू म्हणाले. तुमचं काय झालं ते लिहा.

रानजाई: मला आशाताईंकडून माला-एन, म्हणजे सरकारी गर्भनिरोधक गोळी मिळायची. संडासातून रक्त पडायला लागल्यावर मूळव्याध म्हणून वर्षभर मलम, काढे, सुरणाची भाजी सगळं करून झालं, शेवटी तालुक्याला दुर्बीण घातली तर अल्सरेटिव्ह कोलायटिस, मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. गोळ्यांचं मला कुणी विचारलंच नाही आणि मीही बोलले नाही, सासूबाई शेजारीच बसलेल्या असायच्या ना.

बॉस्टनकर: इथल्या नर्सेसचा मोठा अभ्यास आहे, १९७६ आणि १९८९ ला सुरू झालेले दोन गट, मिळून २ लाख ३२ हजार बायका. २०१३ मध्ये छापून आलं की ज्यांची गोळी चालू होती त्यांना क्रोन्सचा धोका कधीच न घेतलेल्यांच्या २.८ पट, सोडलेल्यांना १.४ पट. पण घाबरण्याआधी हे बघा, एवढ्या बायकांत इतक्या वर्षांत क्रोन्स झाला ३१५ जणींना. कोलायटिसचं गणित तर सिगरेट ओढली की नाही यावर बदलत होतं.

मीच ती: अकरा वर्षं घेतेय, पोट ठणठणीत. बहिणीने आयुष्यात एक गोळी घेतली नाही आणि कोलायटिस तिलाच. उगाच बायकांना घाबरवू नका, नको तेव्हा दिवस गेले तर ते निस्तरायला कोण येणार?

ओटीभरण: गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायची गोळी घेते, तीही यात येते का?

बॉस्टनकर: नाही, ती नॉरएथिस्टेरॉन, त्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन नसतं. आपण बोलतोय ते इस्ट्रोजेन असलेल्या रोजच्या मिक्स गोळीबद्दल.

चहाबाज: मला कोलायटिस आधीपासून होता, गोळी नंतर सुरू केली. दुखणं उसळलेलं, दिवसातून दहा-बारा वेळा संडास, त्यात एका संध्याकाळी मोजे काढताना बघते तर डाव्या पोटरीवर मोज्याचा वळ खोल रुतलेला आणि उजवीवर काहीच नाही. डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) केलं, रक्ताची गाठ. दुखणं उसळलं की गाठीचा धोका तसाही वाढतो, वर गोळीतलं इस्ट्रोजेन तेच करतं, हे मला ॲडमिट झाल्यावर कळलं. गायनॅकला कोलायटिस माहीत नव्हता, पोटाच्या डॉक्टरला गोळी माहीत नव्हती, आणि दोघांच्या फायली माझ्याच कपाटात एकावर एक ठेवलेल्या. आता कॉपर-टी आहे.

रानजाई: छाया ही गर्भनिरोधक गोळी घेणारं कोणी आहे का इथे? पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा, त्यात हार्मोन नसतं म्हणतात. कोलायटिसमध्ये चालेल का?

धागाकर्ती: सोमवारी माझी तारीख आहे, तुझंही विचारून येते. पण तूही सांग गं डॉक्टरांना, सासूबाईंना बाहेर चहाला पाठव.