आर्टिकलच्या हातातला माउस आठवडाभर काढून घ्यावा का?

फोर्टचा_हिशेबनीस
फोर्टात सीएच्या ऑफिसात नोकरी. दरवर्षी नवे आर्टिकल, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी पोरं, येतात. हुशार असतात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसली की बघत राहावं: एफ ८ ला सेल्स, एफ ९ ला परचेस, आल्ट + जी करून हवा तो रिपोर्ट, कंट्रोल + ए ने व्हाउचर सेव्ह. माउसला बोट लागत नाही. तीच पोरं टॅलीतून बाहेर विंडोजमध्ये आली की एकदम नवशिकी होतात.

परवाचंच बघा. एकीकडे टॅली, दुसरीकडे क्लायंटने पाठवलेली बिलांची पीडीएफ. आमचा आर्टिकल कीबोर्डवरचा हात उचलतो, माउस शोधतो, खाली टास्कबारवर नेतो. तिथे दहा-बारा पीडीएफ एकाच आयकॉनखाली दाटीवाटीने. चिमुकल्या चित्रांतून बिल ओळखायचं. चुकीचं उघडतं, परत खाली. बिल सापडतं, रक्कम वाचतो, परत खाली, टॅली. तोवर रक्कम विसरलेला असतो, की पुन्हा पहिल्यापासून. समोरच्या फलाटावर जायला दर वेळी दादरचा पूल चढून उतरावा तसला प्रकार. आल्ट + टॅब एकदा दाबून सोडलं की शेवटच्या दोन खिडक्यांत इकडून तिकडे होतं. आल्ट धरून ठेवला तर सगळ्या खिडक्या समोर मांडल्या जातात. विंडोज बटण + डावा बाण केलं तर बिल अर्ध्या स्क्रीनवर चिकटतं, उरलेल्या अर्ध्यात टॅली घ्यायची, मग उड्याही नकोत.

माझं मत: नव्या माणसाला पहिला आठवडा माउस देऊच नये. कॉपी-पेस्ट सगळ्यांना येतं, ते सोडा. एका खिडकीतून दुसरीत, एका फोल्डरमधून वरच्या फोल्डरमध्ये कसं जायचं, ते हाताला लागलं पाहिजे. आल्ट + टॅब, विंडोज + ई ने फोल्डरांची खिडकी उघडणं, आल्ट + वरचा बाण दाबून वरच्या फोल्डरमध्ये जाणं, एफ २ ने फाइलचं नाव बदलणं आणि विंडोज + १, २, ३ ने टास्कबारवरचे प्रोग्राम उघडणं. एवढी पाच. तुम्हाला काय वाटतं?

परळचा_माउसवाला
साफ असहमत. हा शुद्ध छळ आहे.

मी डिझायनर. ॲपलमध्ये यूझर इंटरफेसवर काम केलेल्या ब्रूस टॉग्नाझिनी यांनी १९८९ मध्येच लिहून ठेवलंय: लोकांना विचारलं तर ते छातीठोकपणे कीबोर्ड वेगवान म्हणतात, स्टॉपवॉच लावलं की माउस जिंकतो. कारणही त्यांनी दिलंय. कुठलं बटण दाबायचं हे आठवण्यात जो वेळ जातो तो आपल्याला जाणवतच नाही. माउस सरकवताना मात्र डोकं रिकामं असतं, म्हणून तो वेळ लांबलचक वाटतो. तुमच्या ऑफिसात कोणी घड्याळ लावून बघितलंय का, की नुसतं आपलं 'बघत राहावं'?

फोर्टचा_हिशेबनीस
टॉग्नाझिनींचा मुद्दा खोटा नाही, पण तो मेनूतल्या कमांडबद्दल होता. ऐनवेळी 'अमुक कामाला कुठलं बटण बरं?' असं आठवत बसलात तर माउस जिंकणारच. आल्ट + टॅबमध्ये आठवायचं काय आहे? आणि मी सेकंद वाचवण्याबद्दल बोलतच नाहीये. डोक्यात धरलेली रक्कम वाटेत सांडू नये एवढंच म्हणणं आहे. सेकंदभर उशीर झाला तर रिटर्न अडत नाही, आकडा चुकला तर अडतं.

लोकल_९_०४
लोक फोनवरून जीएसटी भरायला निघालेत आणि इथे आल्ट-टॅबवर पानिपत 😀

पार्लेकर_काकू
अहो हिशेबनीस, मी बँकेतून निवृत्त. आमच्या शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा माउस नव्हताच, काळी स्क्रीन आणि हिरवी अक्षरं. सगळं बटणांनी. त्यामुळे कीबोर्डची भीती मला कोणी घालू नये. पण पाठांतराला माझा विरोध आहे, आणि त्याला कारण कंपन्याच आहेत. विंडोज + सी घ्या. विंडोज ८ मध्ये ते दाबलं की उजवीकडून चार्म्स नावाची बटणांची पट्टी यायची. विंडोज १० मध्ये कोर्टाना ही बोलकी मदतनीस ऐकायला लागायची. विंडोज ११ आलं तेव्हा त्यावर टीम्सचं चॅट, नंतर कोपायलट हा एआय मदतनीस. बटण तेच, दर वेळी दारात वेगळाच पाहुणा. म्हाताऱ्या माणसाने किती वेळा नव्याने शिकायचं? माउसने निदान डोळ्यांना दिसतं ते उघडतं.

फोर्टचा_हिशेबनीस
काकू, विंडोज + सी चं उदाहरण बिनतोड आहे, पण ते माझ्या पाचात नाही, आणि ते मुद्दामच. आल्ट + टॅब विंडोज ३.१ मध्ये होतं, आजही तेच करतं. मधल्या काळात स्टार्ट मेनू आला, गेला, परत आला, डावीकडून मध्यावर सरकला. म्हणजे जे 'डोळ्यांना दिसतं' तेच जास्त हललंय. विंडोजचं बटण १९९४ च्या कीबोर्डवर आलं, त्यावरची विंडोज + ई, विंडोज + आर ही मंडळी विंडोज ९५ च्या काळापासून आपापल्या जागी आहेत.

दृष्टीआड_सृष्टी
मालाडला बॅक ऑफिसात काम करतो. मला दिसत नाही. 'माउस काढून घ्यावा का' हे वाचून जरा हसू आलं, माझ्या टेबलावर तो कधी नव्हताच.

मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो. फुकट आहे, मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केला. आल्ट + टॅब केलं की तो खिडकीचं नाव वाचतो. कुठे आहोत असा घोळ झाला तर इन्सर्ट + टी, की शीर्षक पुन्हा ऐकू येतं. वेबपेजवर एच दाबत गेलं की एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी, इन्सर्ट + एफ ७ केलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी. खाली घड्याळाजवळच्या आयकॉनांकडे जायला विंडोज + बी. वेग म्हणाल तर आमच्या टीममध्ये मी कोणाच्या मागे नाही.

अडचण वेगळीच आहे. एका बँकेच्या साइटवर पासवर्डसाठी स्क्रीनवर अक्षरांची चौकट येते, आणि ती फक्त माउसने टिचकते. टॅब दाबत राहा, फोकस चौकटीला वळसा घालून खाली 'नियम व अटी'वर जाऊन बसतो. म्हणजे स्वतःच्या खात्यात शिरायला शेजारच्या माणसाला पासवर्ड सांगायचा. सुरक्षेसाठी बरं का हे! असं का होतं? बनवणाऱ्यांपैकी एकानेही ते पान माउस बाजूला ठेवून चालवून बघितलेलं नसतं. त्यामुळे आर्टिकलचं काय ते तुम्ही ठरवा, पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा माउस आठवडाभर काढून घ्याच. त्याला माझा पूर्ण पाठिंबा.

परळचा_माउसवाला
@दृष्टीआड_सृष्टी, हे शंभर टक्के मान्य. पण तुम्ही सांगताय ते बनवणाऱ्यांचं कर्तव्य. त्यावरून डोळस आर्टिकलवर सक्ती कशी काय निघते? हिशेबनीस तुमच्या प्रतिसादामागे लपतील बघा आता.

आयटी_सपोर्ट_अंधेरी
सगळ्यांचे फोन मलाच येतात, म्हणून लिहितो. बटणांचा उत्साह आला की पहिला फोन ठरलेला: 'स्क्रीन उलटी झाली.' जुन्या इंटेल ग्राफिक्सवर कंट्रोल + आल्ट + बाण दाबलं की चित्र फिरतं, आणि साहेब मान वाकडी करून फोनवर बोलत असतात. दुसरा फोन: फाइल उडाली आणि रीसायकल बिनमध्येही नाही. शिफ्ट + डिलीटला तिथे थांबाच नाही. तिसरा: शिफ्ट पाच वेळा दाबलं गेलं, स्टिकी कीज (बटण धरून न ठेवता एकेक दाबायची सोय) चालू करायचं का असा प्रश्न आला, न वाचता 'येस' केलं, आता कीबोर्ड 'बिघडलाय'.

आणि हिशेबनीस, तुमचं एफ २ बऱ्याच नव्या लॅपटॉपवर आवाज नाहीतर ब्राइटनेस कमी-जास्त करतं. आधी एफएन लॉकचं (वरच्या ओळीतली बटणं एफ १, एफ २ म्हणून चालवायची सोय) बघा, मग शिकवा. तुमचे आर्टिकल फाइलचं नाव बदलायला जातील आणि स्क्रीन अंधारेल.

मला विचाराल तर तुमच्या पाचात सगळ्यात महत्त्वाचं बटणच नाही. विंडोज + एल. लोक कटिंग प्यायला खाली जातात आणि मागे पगारपत्रक उघडं. कुलूप लावायला एक सेकंद लागत नाही, तरी लावत नाहीत.

जाता जाता: कंट्रोल + आल्ट + डिलीट आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी ठेवलं, मशीन रीस्टार्ट करायला. चुकून दाबलं जाऊ नये अशीच जुळणी होती. पुढे विंडोजने ते लॉगिनच्या दारावर आणून बसवलं, आणि २०१३ मध्ये बिल गेट्सनीच जाहीर सांगितलं की ती चूक होती, आम्हाला एकच बटण हवं होतं.

फोर्टचा_हिशेबनीस
विंडोज + एल मान्य, पाचाची सहा करतो. एफएन लॉकचंही मान्य, आमच्याकडे डेस्कटॉप आहेत म्हणून डोक्यात आलं नाही. शिफ्ट + डिलीट मात्र मी कोणाला शिकवत नाही.

@परळचा_माउसवाला, लपत नाही. एक सांगा, फोटोशॉपमध्ये मोठं चित्र सरकवायला तुम्ही कडेची स्क्रोलबार ओढता, की स्पेसबार धरता? ब्रश कुठून घेता?

परळचा_माउसवाला
स्पेसबार. ब्रशला बी. पकडलंत. पण नीट बघा, त्याच वेळी माझ्या उजव्या हातात माउसच असतो. कंट्रोलबरोबर लागणारी झेड, एक्स, सी, व्ही (अंडू, कट, कॉपी, पेस्ट) ही चारही बटणं डाव्या हाताच्या बोटांखाली एका ओळीत येतात, त्यामुळे उजवा हात माउसवरून हलवावाच लागत नाही. एका हातात एक, दुसऱ्यात दुसरं. यातलं एक काढून घेऊन कोणी वेगवान होत नाही, लंगडं होतं.

आणि बी मला कोणी तक्ता चिकटवून शिकवलेलं नाही. दिवसभर ब्रश लागतो म्हणून ते आपोआप बोटात बसलं. तुमच्या पोरांना टॅलीचं एफ ८ तसंच बसलंय, कारण रोज शेकड्यांनी व्हाउचर टाकतात. आल्ट + टॅबची गरज पडेल तेव्हा तेही बसेल.

फोर्टचा_हिशेबनीस
इथेच तुमचं-माझं जमत नाही. एफ ८ त्यांना आपोआप बसलं नाही. टॅलीत ते स्क्रीनच्या कडेला लिहिलेलं असतं, सतत डोळ्यांसमोर. आल्ट + टॅब विंडोजमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. गरज रोज शंभरदा पडते, पण असं काही आहे हेच माहीत नसेल तर बसणार कुठून? आमच्या ऑफिसात पंधरा वर्षं एक्सेल वापरणारे लोक आहेत, कंट्रोल + बाणाने यादीच्या टोकाला जाता येतं हे त्यांना ठाऊक नाही. स्क्रोल करत बसतात. कोणीतरी एकदा दाखवावं लागतं, आणि हातात माउस असला की दाखवलेलं दुपारपर्यंत विसरतात. म्हणून आठवडा.

परळचा_माउसवाला
मग दाखवा की. एक दिवस शेजारी बसून दाखवा. आठवडाभर जप्ती कशाला? मी आर्टिकल असतो तर घरून माउस आणला असता.

पार्लेकर_काकू
त्यांच्या भांडणात माझं एक काम करून द्या कोणीतरी. ब्राउझरमध्ये विजेचं बिल उघडून ठेवते आणि चुकून ती पट्टीच बंद होते. परत आणायचं बटण आहे का? एकच सांगा, यादी नको.

आयटी_सपोर्ट_अंधेरी
काकू, कंट्रोल + शिफ्ट + टी. परत दाबलंत तर त्याच्या आधी बंद केलेलं पानही येतं. इन्कॉग्निटोमध्ये मात्र नाही चालत.

पार्लेकर_काकू
आलं! काल दुपारी वाचत होते तो पुरणपोळीचा लेखसुद्धा आला.