पन्हाळा–पावनखिंड, जुलैचा पाऊस: अंगावर नेमकं काय घालायचं?

रंकाळाकाठ
१२-१३ जुलैच्या मोहिमेला आम्ही सहाजण चाललोय. पन्हाळ्यावरून उतरायचं, मसाई पठार, करपेवाडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी पांढरपाणीमार्गे पावनखिंड. पन्नास किलोमीटरच्या आसपास चाल आहे. सध्या माझ्याकडे गाडीवरचा रेनकोट, जाड सुती हुडी आणि जीन्स एवढंच आहे. महागडं 'ब्रीदेबल' जॅकेट घ्यावं का? जुलैत स्वेटर लागतो का? आणि घरात आजोबांचं घोंगडं आहे, ते न्यावं का?

पठारावरचा वारा
भावा, आधी एक गोष्ट पक्की कर. त्या वाटेवर दोन दिवस कोरडं राहता येत नाही. भिजूनही अंगात ऊब टिकली पाहिजे आणि रात्रीचा एक जोड कोरडा राहिला पाहिजे, कपडे निवडायचे ते या हिशोबानं.

जीन्स आणि हुडी घरीच ठेव. सुती कापड पाणी पितं, धरून ठेवतं आणि अंगाला चिकटून राहतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता ओढून नेतं. भिजलेली जीन्स गुडघ्याला अडते, मांड्या सोलवटतात, आणि दोन दिवसांत ती वाळत नाही ते वेगळंच.

अंगालगत पातळ पॉलिएस्टर घाल. त्यासाठी वेगळी खरेदी नको, तालमीची फुटबॉल जर्सी असते ना, तेच कापड. पूर्ण बाह्यांची आणि अंगाबरोबर बसणारी घे; ढगळ असेल तर ओली झाल्यावर वारा आत शिरतो. पिळून झटकली की निम्मं पाणी गेलं. खाली सायकलची तंग चड्डी, वर नायलॉनची पातळ ट्रॅक पँट. निघण्याआधी जांघेत आणि काखेत पेट्रोलियम जेली लाव.

मधला थर म्हणजे पातळ फ्लीस, मऊ लवदार पॉलिएस्टरचं उबदार जॅकेट. चालताना घालायचा नाही, नाहीतर घामानंच भिजेल. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर अंग गार पडायच्या आत चढवायचा आणि वरून रेनकोट. म्हणून तो सॅकच्या तळाशी नको, वरच्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत हवा.

महाग जॅकेटची घाई करू नकोस. 'ब्रीदेबल' म्हणजे कापडात एक पातळ पडदा असतो; त्यातून घामाची वाफ बाहेर जाते ती आतली हवा जास्त दमट आणि बाहेरची कोरडी असली तरच. जुलैत पठारावर ढगातूनच चालायचं असतं, वाफ जाणार कुठं? त्यात सॅकचे पट्टे घासून खांद्यावरचा पाणी झटकणारा लेप आधी उडतो, वरचं कापड पाणी पितं आणि आतून गारठा लागतो. घ्यायचंच असेल तर शिवणींवर आतून टेप, काखेत चेन आणि दोरीनं आवळता येणारी टोपी, ही तीन बघून घे. नाहीतर तुझ्या रेनकोटचा वरचा भाग चालेल. चढाला पुढून उघडा ठेव आणि वेग कमी कर. पठारावर निघण्याआधी झाडांच्या आडोशालाच चेन वरपर्यंत ओढ. उघड्यावर आल्यावर वारा टोपीसुद्धा डोक्यावर टिकू देत नाही.

गाडीच्या रेनकोटची पँट मात्र नको, पहिल्याच मोठ्या टांगेला बैठकीत फाटते.

भातखाचर
घोंगड्याबद्दल. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब देते, हे खरं. पण भिजलेलं घोंगडं पाठीवर घेऊन चालणं म्हणजे ओझं, आणि पावसाळ्यात ते लवकर वाळतही नाही. मुक्कामाला गाडीनं सामान पुढं जाणार असेल तर जरूर पाठव, सारवलेल्या जमिनीवर अंथरायला त्यासारखं काही नाही. कुणी इरलं सुचवलं तर तेही नको. ते लावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीसाठी आहे; सरळ उभं राहून वाऱ्यात चाललं की शिडासारखं भरतं. पोंचोचंही, म्हणजे डोक्यातून घालायच्या सैल रेनकोटाचंही, तेच.

ओली_वाट
थंडी ती काय, असं समजू नका. हवा १८-२० अंशांवर असली तरी ओलं अंग, वारा आणि रिकामं पोट एकत्र आलं की माणूस गारठतो. आधी हुडहुडी भरते. मग बोटं ऐकत नाहीत, स्वतःची चेन स्वतःला लावता येत नाही. पुढं जीभ जड होते, पाय अडखळतात. दमलाय म्हणून त्याला नुसतं बसवून ठेवू नका. आडोशाला न्या, ओलं काढा, कोरडं घाला, डोकं झाका, नीट गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्या. हातपाय चोळायचे नाहीत, दारू तर अजिबात नाही. हुडहुडी थांबली पण माणूस बरळतोय किंवा झोपाळला असेल तर दवाखाना गाठा.

रंकाळाकाठ
मनापासून आभार सगळ्यांचे. मोज्यांचं काय? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडा जोड घालून निघालं तर चालेल का?

पठारावरचा वारा
मोजे तीन जोड, सुती नकोत. दोन चालायला, एक फक्त झोपायला. दिवसभर पाय ओले राहणारच, म्हणून रात्री सहा-सात तास ते पूर्ण कोरडे राहिले पाहिजेत, नाहीतर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. बेचक्या पुसून बुरशीनाशक पावडर टाकायची. वॉटरप्रूफ बुटांच्या नादी लागू नका. ओढ्यात वरून पाणी शिरतं आणि आतच राहतं. जाळीचे, खोल खाचांचे बूट घ्या आणि रात्री त्यात वर्तमानपत्र कोंबा.

कोरडा जोड घालून निघायचं नाही. तासाभरात तोही भिजेल आणि मग गारठलेल्याला घालायला काहीच उरणार नाही. पहाटे ओली जर्सी पिळून तीच चढवायची, जिवावर येतं, पण दहा मिनिटं चाललं की ती अंगाच्या उबेनं कोमट होते. झोपायचा जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाल, हवा दाबून काढ, तोंड पिळून दुमड आणि रबर लाव. सॅकच्या बाहेरच्या कव्हरवर भरवसा नको, पाठीकडून पाणी शिरतंच. हे बांधून झाल्यावरच घराच्या वळचणीखालून बाहेर पडा.