मदत हवी आहे: हॅरी पॉटरचा पाचवा भाग नऊ वर्षांच्या मुलीला द्यावा का?

मंडळी, आम्ही फोंड्याला असतो. लेकीने पावसाळ्यात हॅरी पॉटरचे चार भाग फडशा पाडल्यासारखे संपवले. चौथ्याच्या शेवटी हॅरीच्या शाळेतला सेड्रिक मेला, तेव्हा दोन रात्री दिवा चालू ठेवून झोपली. आता पाचवा हवाय म्हणून मागे लागलीय. पणजीला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीतून आणला खरा, पण कपाटावर ठेवलाय.

मी तो २००३ साली आला तेव्हाच वाचला होता. मालिकेतला सर्वांत जाडजूड भाग. जाडीची काळजी नाही, पोर वाचेल. पण हॅरी सतत चिडलेला, वर ती गुलाबी कपड्यांतली शिक्षिका अंब्रिजबाई! शिक्षा म्हणून ओळी लिहायला लावते आणि अक्षरं हॅरीच्याच हातावर कोरली जातात. मला मुख्य खलनायक वोल्डेमॉर्टपेक्षा तीच जास्त भीतीदायक वाटली. शेवटी हॅरीचा धर्मपिता सिरियसही जातो, आणि तो तर हिचा लाडका.

तुमच्या मुलांनी कितव्या वर्षी वाचला? सोबत बसून वाचलात की सिरियसचं आधीच सांगून टाकलंत? आजी म्हणते, "दी गो तिका, रडत आनी उगी रावत." मला एवढं सोपं वाटत नाही. काल स्टूल ओढल्याचा आवाज आला. पाहिलं तर पहिल्याच प्रकरणात कदंब बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं!